नागोजीरावांनी अडवलेलं मशीन

भुजंगराव शितोळे म्हैसूरच्या पोलिसांच्या घोडदळात सवार होते. आजोबा महाराजांच्या बारगिरांत, बाप पागेवर, तेव्हा घोडा हा त्या घराण्याचा पिढीजात सोबती. नजरबादेतल्या त्यांच्या घरात मराठी चालायची, गल्लीत कन्नड आणि घोड्याशी हिंदुस्थानी. दसरा जवळ आला की मिरवणुकीचा सराव रोज सकाळी सुरू व्हायचा. भुजंगराव घोड्यावरून घरासमोरून जायचे तेव्हा दारात दोन पोरं उभी असायची. एक त्यांचा स्वतःचा नागोजी, दुसरा धाकट्या भावाचा, रघुनाथरावांचा, सयाजी. नागोजी आठ महिन्यांनी मोठा.

एका सकाळी भुजंगरावांनी घोडा थांबवला आणि विचारलं, "कोण बसतंय?"

नागोजी विचार करत होता, की घोडा घामेजलाय, बसावं की नको. तेवढ्यात सयाजीनं दोन्ही हात वर केले. भुजंगरावांनी त्याला उचलून पुढ्यात घेतलं आणि नागोजीला म्हणाले, "तू लगाम धर. तू शहाणा आहेस."

चौकापर्यंत नागोजी लगाम धरून चालला. फुलवाल्या बायका वर बघून हसत होत्या, कुणी हात हलवत होतं. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. तो तेव्हा सात वर्षांचा होता. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा असं वाटलं, की हा सयाजी पडावा. फार लागू नये, पण पडावा.

खरं सांगायचं तर दोघांत हुशार नागोजीच. मंडकळ्ळीच्या माळावर विमानांसाठी एक जुनी धावपट्टी होती. तिथं शेळ्या चरायच्या आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादं लहान विमान उतरायचं. दोघं एका सायकलवर तिथं जायचे. नागोजी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचा, की इंजिन नीट चाललंय की एक सिलिंडर खोकतोय. सयाजीला त्यातलं काही कळत नसे. तो कुंपणावर चढून वैमानिकाला हात करायचा आणि एकदा तर त्या वैमानिकानं त्याला बोलावून आत बसवलंसुद्धा. नागोजी सायकल धरून कुंपणाबाहेर उभा राहिला.

पुढं रघुनाथरावांना बँकेत बढती मिळाली. ते चामराजपुरमला राहायला गेले आणि सयाजी इंग्रजी शाळेत गेला. नागोजी सरकारी कन्नड शाळेतच राहिला. तरी सैन्याच्या अकादमीची लेखी परीक्षा दोघांनी एकाच वर्षी दिली आणि दोघंही पास झाले. मुलाखतीला बंगळुरूला पाच दिवस राहायचं होतं. भिंती ओलांडणं, दोरावर चढणं, ह्यात नागोजी सगळ्यांच्या पुढं. पण शेवटच्या दिवशी टेबलामागच्या अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, "तुला कशासाठी उडायचंय?" नागोजीच्या डोक्यात तासभर पुरेल एवढं उत्तर होतं, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. तोंडातून बाहेर आलं ते एवढंच, की सर, मला मशीन आवडतं.

सयाजीकडे सांगण्यासारखं विशेष काही नव्हतं. ते त्यानं हसत हसत दहा मिनिटं सांगितलं, आणि त्याची निवड झाली.

परतताना बसमध्ये रडला तोही सयाजीच. "अण्णा, तू नाहीस तर मी पण जात नाही बघ."

"सुम्ने बस," नागोजी म्हणाला. उगाच बडबडू नकोस, गप्प बस. मद्दूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. सयाजी निवडला गेला ह्याचा त्याला राग होताच, पण तो रडतोय ह्याचा त्याहून जास्त होता. जिंकलेल्यानं निदान मिजास तरी करावी, म्हणजे मोकळ्या मनानं द्वेष करता येतो. सयाजीनं ती सोय कधीच ठेवली नाही.

वर्षभरानं नागोजी हवाई दलात भरती झाला, पण फिटर म्हणून. हेलिकॉप्टरांची इंजिनं आणि गिअरबॉक्स हे त्याचं काम, आणि कामात तो वाघ होता. इंजिनाच्या झाकणाला नुसता तळवा लावून आत काय बिनसलंय ते सांगायचा. चाळिशीच्या आत वॉरंट ऑफिसर झाला. दुसऱ्या कुणाच्या घरी ह्याचं कौतुक झालं असतं. पण सुट्टीवर नजरबादेला आला, की पायातले बूट काढायच्या आत भुजंगराव विचारायचे, "सयाजी भेटतो का रे तिकडं?"

सयाजी तोवर हेलिकॉप्टरचा वैमानिक झाला होता. बर्फातल्या चौक्यांवर रसद पोचवून त्यानं पदक मिळवलं. पुरात छपरांवर बसलेली माणसं दोरानं उचलली, तेव्हा कन्नड पेपरांत त्याचा फोटो आला. भुजंगरावांनी तो कापून चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावला, थेट आजोबांच्या तसबिरीशेजारी. नागोजीचा गणवेशातला फोटो आतल्या खोलीत होता. "त्याला चौकट नाही म्हणून आत ठेवलाय," भुजंगराव म्हणाले. नागोजी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन चौकट घेऊन आला. फोटोला चौकट आली, पण फोटो आतच राहिला.

नागोजीची बायको वनजा सरगूरची, शेतकऱ्याच्या घरातली, स्पष्ट बोलणारी. लग्नानंतर वर्षभरातच तिनं नवऱ्याचं दुखणं ओळखलं. एकदा जेवताना ती म्हणाली, "घरात सयाजीभावजींचं नाव निघालं, की तुम्ही भात चावत नाही, नुसता गिळता."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी कुठं बोलते? तुमचा घास बोलतो."

सयाजी विंग कमांडर झाला आणि हेलिकॉप्टरांचं एक कसरती पथक त्याच्या हाती आलं. चार हेलिकॉप्टरं एकमेकांच्या पात्यांना पातं लागेल इतक्या जवळून उडवायची, समोरासमोर झेपावून शेवटच्या क्षणी बाजूला काढायची, धुराच्या रेषांनी आकाशात कमान काढायची, असलं ते काम. महिनाभरात नागोजीच्या बदलीचा कागद आला, त्याच पथकात. सयाजीनंच वर शब्द टाकला होता. पहिल्या दिवशी हँगरमध्ये भेटला तेव्हा सगळ्यांच्या देखत त्यानं नागोजीच्या खांद्यावर हात टाकला. "माझ्या मशीनला माझ्याच घरचा माणूस हवा होता."

नागोजीनं टाचा जुळवून सलाम केला. "यस सर."

सयाजी मनापासून बोलला होता आणि नागोजीलाही ते समजत होतं. तरी त्याला मंडकळ्ळीचं कुंपण आठवलं. आता तर कुंपणाची पण गरज नव्हती. रोज सकाळी तो सयाजीचं मशीन पुसून, तपासून, सातशे नंबरच्या फॉर्मवर सही करून द्यायचा. ती सही झाल्याशिवाय कुठलंच हेलिकॉप्टर उडत नाही. मग सयाजी चढायचा, वर जायचा, आणि खाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवायचे. सयाजी उतरला की पहिला हात नागोजीशी मिळवायचा, आणि तो हात सोडवून घेण्याची नागोजीला घाई व्हायची.

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत तळावर एक प्रसंग घडला. दोन नंबरचं मशीन स्क्वाड्रन लीडर पूणच्चा चालवायचा. तो कोडगूचा, मोठा दिलदार माणूस. मशीन सुरू करताना त्याच्यासमोरचा गिअरबॉक्सचा पिवळा दिवा लागला. गिअरबॉक्सच्या तेलात एक लोहचुंबकाचं बूच बसवलेलं असतं. आत लोखंड झिजायला लागलं, की कण त्या बुचाला चिकटतात आणि दिवा लागतो. नुसती काळी लव असेल तर काही बिघडत नाही. चकाकणारा तुकडा असेल तर तो पुसायचा, बूच बसवायचं, मशीन अर्धा तास जमिनीवरच चालवायचं आणि बूच पुन्हा काढून बघायचं. कोरं निघालं तर उडायचं, नाहीतर गिअरबॉक्स खोलायचा. नागोजीला बुचावर पापणीच्या केसाएवढा एक तुकडा दिसला. पाऊस भुरभुरत होता, पूणच्चाला सरावाची घाई होती आणि नागोजीच्या अनुभवाला तो तुकडा किरकोळ वाटला. त्यानं तो फडक्यानं पुसला, बूच बसवलं आणि अर्ध्या तासाची धाव झाली असं लिहून सही केली. पूणच्चा उडाला, नीट परत आला. नागोजी ते विसरून गेला.

दसऱ्याला पथकाला म्हैसूरचं बोलावणं आलं. बन्नीमंटपाच्या मैदानावर राज्यपालांसमोर कसरती करायच्या होत्या. चार हेलिकॉप्टरं आदल्या दिवशीच मंडकळ्ळीच्या पट्टीवर येऊन उतरली. पाचवं, राखीव, इंजिन उघडून तळावरच पडलं होतं. पेपरात सयाजीचा फोटो झळकला आणि खाली ठळक अक्षरांत कन्नडमध्ये छापलं होतं, 'नम्म मैसूरिन मग', आपल्या म्हैसूरचा लेक. नजरबादेत घरोघरी तो पेपर होता. भुजंगराव पंचाहत्तरीला आले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण त्यांनी जुना गणवेशाचा पट्टा काढून ब्रासो लावला आणि तो धोतरावर बांधून मैदानावर जायला तयार झाले. वनजा त्यांना रिक्षानं घेऊन जाणार होती.

"तू कुठं असशील?" त्यांनी नागोजीला विचारलं.

"मंडकळ्ळीला, अप्पा. मशीनांजवळ."

"म्हणजे तुला काय दिसणार नाही?"

"नाही."

"अरेरे," भुजंगराव म्हणाले आणि पट्ट्याचं बक्कल पुन्हा घासायला लागले.

दुपारी सव्वातीनला चारही मशीनं सुरू झाली. तीन पस्तीसला उडायचं आणि चारला मैदानावर पोचायचं. राज्यपालांचा कार्यक्रम मिनिटावर आखलेला होता. नागोजी पथकाच्या लीडरच्या मशीनसमोर उभा होता आणि काचेआडून सयाजीकडे बघत होता. हेल्मेट, काळा चष्मा, निळा पोशाख, छातीवर पथकाचं चिन्ह. तिकडं मैदानावर आपला बाप ब्रासो लावलेला पट्टा बांधून ह्या माणसाची वाट बघतोय, हे त्याच्या मनात आलं. आणि मग असं आलं, की आज ह्याचं काहीतरी बिनसावं. एवढी एक दुपार. जास्त नको.

तेवढ्यात सयाजीनं काचेआडून बोटानं खूण केली. गिअरबॉक्सचा दिवा लागला होता.

मशीन बंद झालं. नागोजीनं शिडी लावली, बूच काढलं. काळ्या लवेत एक चकाकणारा तुकडा होता, पापणीच्या केसाएवढा. तसाच. खाली सयाजी येऊन उभा राहिला होता, आणि शेजारी महिनाभरापूर्वीच रुजू झालेला कोवळा इंजिनिअरिंग अधिकारी. तो नागोजीच्याच तोंडाकडे बघत होता.

"काय आहे, वॉरंट साहेब?" सयाजीनं विचारलं. गणवेशात असताना तो कधी अण्णा म्हणत नसे.

"तुकडा आहे सर. अर्धा तास जमिनीवर चालवून बघावं लागेल."

"म्हणजे चार वाजून जातील."

"जातील सर."

बाकीच्या तीन मशीनांची पाती फिरत होती. धुळीनं शेळ्या पळत होत्या. सयाजीनं बुचाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "किरकोळ वाटतो."

"असेलही. पण मी सही करणार नाही."

आवाज शांत होता, नियम बिनचूक होता, आणि छातीत एक गोड कळ उठली होती. ती कळ नागोजीनं नीट ओळखली. आयुष्यात पहिल्यांदाच सयाजी वर जाणार नव्हता, आणि त्याला थांबवणारा नागोजी होता.

सयाजी वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. निदान एकदा तरी तो दरडावेल, म्हणजे सगळ्यांना दिसेल त्याचा खरा स्वभाव. पण सयाजीनं हेल्मेट काढून काखेत घेतलं. "तुमची सही नाही तर मी चढत नाही." दुसऱ्या एखाद्या वैमानिकाला उतरवून आपण त्याच्या जागी बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो पूणच्चाच्या मशीनकडे धावत गेला, खिडकीतून दोन वाक्यं बोलला आणि तीन बोटं वर केली. तिघांचा खेळ, पुढं पूणच्चा. त्याचाही सराव झालेला होता. तीन हेलिकॉप्टरं उठली, डावीकडं कलली आणि चामुंडी टेकडीच्या अंगानं गावाकडे गेली.

इकडं नागोजीनं लीडरचं मशीन जमिनीवर चालवायला लावलं. पुरता अर्धा तास. सयाजी थोड्या अंतरावर एका लाकडी खोक्यावर बसून होता आणि गावाच्या दिशेनं बघत होता, जिथून काही दिसण्यासारखं नव्हतं. सव्वाचारच्या सुमारास मशीन बंद झालं. नागोजीनं बूच काढलं. ते कोरं होतं. धुतलेल्या चमच्यासारखं कोरं.

"ठीक आहे, सर," तो म्हणाला.

"छान," सयाजी म्हणाला. "फॉर्म भरा."

संध्याकाळी सयाजी साध्या कपड्यांत नजरबादेला जेवायला आला. वनजानं पुरणाचे होळिगे केले होते. दारातून आत येतो न येतो तोच भुजंगरावांनी त्याला कवटाळलं.

"काय उडवलंस रे! ते समोरासमोर आलात तेव्हा माझा जीव गेला. सगळ्यांत पुढचा तूच, मी बरोबर ओळखलं. माइकवर तुझं नाव घेतलं आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. मी सगळ्यांना सांगितलं, नम्म हुडुगा, आमचा पोरगा आहे म्हणून!"

निवेदकाच्या कागदावर सयाजीचं नाव होतं, ते त्यानं वाचलं होतं. चाराचे तीन झाले हे एवढ्या गर्दीत कोण मोजतंय?

सयाजीनं एकदा नागोजीकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "बरं दिसलं ना, दोडप्पा?" कन्नड रिवाजानं तो मोठ्या काकांना दोडप्पा म्हणायचा.

"बरं? अरे, डोळ्यांचं पारणं फिटलं!"

नागोजी पाटावर बसला होता. ह्या माणसाला आपण खाली बसवला, पूर्ण दुपार खोक्यावर बसवला, आणि तरी टाळ्या ह्याच्याच, मैदान ह्याचंच, बापाची मिठी ह्यालाच. न उडतासुद्धा! असल्या नशिबाशी माणसानं लढायचं तरी कसं?

"अप्पा," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "वर तो नव्हता. पूणच्चा होता पुढं. ह्याला मी थांबवलं."

भुजंगरावांनी मान वळवली. चांगला डोळा त्यांनी मुलावर रोखला. "तू थांबवलंस? ह्याला?"

"हो. मशीनमध्ये तुकडा सापडला. मी सही दिली नाही."

"आजच्या दिवशी? राज्यपाल बसलेले असताना?"

"हो."

वनजाच्या हातातली वाढणी तशीच राहिली. म्हातारा आपल्या पाटावर येऊन बसला. मग म्हणाला, "आमच्या पागेत मस्तान म्हणून नालबंद होता. एका विजयादशमीला आमच्या इन्स्पेक्टरचा घोडा त्यानं अडवला. मिरवणूक निघायला दहा मिनिटं. म्हणाला, मागच्या पायाचा नाल हलतोय, मी सोडणार नाही. इन्स्पेक्टर चाबूक उगारून आला, पण मस्तान हलला नाही. आम्ही सगळे सवार बघत होतो. मला तेव्हा वाटलं होतं, सवार काय कुणीही होईल, ह्याच्यासारखं आपल्याला जमणार नाही." त्यांनी आपल्या पानातला होळिगे उचलला आणि नागोजीच्या पानात ठेवला. "खा. आज तू केलंस ते काम मोठं."

"खरंय दोडप्पा," सयाजी म्हणाला.

चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य समोर येऊन पडलं होतं. नागोजीनं होळिगे मोडला, तूप लावलं, तोंडात घातला. घास घशाखाली उतरेना. कारण नेमकं त्याच क्षणी त्याला गणपतीतला पाऊस आठवला, पूणच्चाचं बूच आठवलं, आणि फडक्यावर पुसलेला तो तुकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडकळ्ळीला परतीची तयारी चालली होती. सयाजी त्याला बाजूला घेऊन पट्टीच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथून पुढं भुईमुगाचं शेत होतं.

"अण्णा, सर म्हणून विचारत नाही," सयाजी म्हणाला.

"विचार."

"काल ते पूणच्चाचं मशीन असतं तर?"

नागोजीला उत्तर तयार मिळालं होतं. नियम म्हणजे नियम, मशीन कुणाचंही असो. जीभ त्या शब्दांपर्यंत गेलीसुद्धा. पण रात्रभर घशात अडकलेला घास अजून तिथंच होता.

"सही केली असती," तो म्हणाला. "गणपतीत केलीच होती. धाव न घेता."

सयाजीनं मान हलवली. "मला ठाऊक आहे. पूणच्चानं तेव्हाच सहज सांगितलं होतं. दिवा लागला, पण वॉरंट साहेबांनी दहा मिनिटांत सोडलं, केवढा हात आहे त्यांचा! मग मी फॉर्म बघितला. त्यात अर्धा तास लिहिला होता. दहा मिनिटांत अर्धा तास कसा बसवलास हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. भाऊ आहेस म्हणून नाही विचारलं."

"आणि काल?"

"काल तू केलंस ते बरोबर होतं. का केलंस..." तो थांबला. "अण्णा, मी काय आंधळा आहे का? तू माझा हात हातात राहू देत नाहीस, हे मला कळत नाही? दुखतं मला. पण त्यावर काही कागद करता येत नाही. गणपतीतल्यावर करावा लागेल. ते मशीन वर असताना काही झालं असतं तर पूणच्चाच्या दोन पोरी आहेत."

"कर," नागोजी म्हणाला.

"तुझी बढती जाईल."

"कर म्हटलं ना. आणि तू पण लिही, की तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलास."

सयाजीनं त्याच्याकडे पाहिलं. "तेच आधी लिहिणार आहे," तो म्हणाला.

त्यानं लिहिलंही. चौकशी झाली. सयाजीला लेखी ठपका मिळाला आणि त्याची पुढची बढती दोन वर्षं लांबली. नागोजीच्या सेवापुस्तकात लाल शेरा पडला, मास्टर वॉरंट ऑफिसरची पायरी कायमची गेली आणि त्याची बदली फिटरांच्या प्रशिक्षण शाळेत झाली. बदलीचा कागद हातात आला त्या दिवशी त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ह्याची दोन वर्षं गेली आणि माझं सगळं गेलं, इथंही जास्त त्यालाच मिळालं. वनजाला त्यानं हे बोलूनही दाखवलं. ती भांडी आवरत होती. म्हणाली, "मोजत बसा आता."

प्रशिक्षण शाळेत मात्र तो रमला. चुंबकी बुचाचा धडा आला, की तो तुकडा, तो पाऊस आणि ती खोटी धाव सगळं वर्गात सांगायचा, स्वतःच्या नावानिशी. लीडरच्या मशीनचा किस्सा कधी सांगायचा नाही. तो सांगायला गेलं तर आपण उगाच शूर दिसतो, हे त्याला माहीत होतं.

भुजंगराव त्यानंतर दोन वर्षं जगले. ह्या दोन वर्षांत त्यांनी नजरबादेतल्या एकूण एक माणसाला सांगितलं, की माझ्या पोरानं राज्यपालांसमोर विंग कमांडरला खाली उतरवलं. नागोजीचा फोटो त्यांनी स्वतः बाहेरच्या खोलीत आणून लावला. नागोजी सुट्टीवर यायचा, तो फोटो बघायचा आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसायचा. बापाला खरं सांगावं असं खूपदा मनात आलं. एकदा तोंडही उघडलं. पण म्हातारा इतका खुशीत होता, की नागोजीनं नुसतं पाणी मागितलं.

निवृत्त होऊन नागोजीराव म्हैसूरला परतले. एका खासगी आयटीआयमध्ये आठवड्याला तीन दिवस शिकवायला जायला लागले. एका सकाळी पेपर उघडला तर सयाजीचा फोटो. एअर कमोडोर झाला होता, उशिरा का होईना. फोटोखाली सगळी कारकीर्द दिली होती, बर्फ, पूर, पदकं, कसरती पथक. म्हैसूरच्या दसऱ्यात त्यानं स्वतः नेतृत्व करून दाखवलेल्या कसरती लोक अजून विसरलेले नाहीत, असंही बातमीदारानं ठोकून दिलं होतं.

नागोजीरावांनी पेपर मिटला. पुढ्यातली उप्पिटाची बशी तशीच ठेवून चपला घातल्या आणि कारंजी तळ्यावर जाऊन दोन फेऱ्या मारल्या. चालताना त्यांनी सयाजीशी मनातल्या मनात पुष्कळ भांडून घेतलं. तासाभरानं घरी आले, फोनजवळ बसले आणि नंबर लावला.

"अभिनंदन," ते म्हणाले.

"अण्णा! तुला कुणी सांगितलं?" पलीकडून सयाजी ओरडलाच.

"पेपरात आलंय. फोटो काही बरा नाही. पोट दिसतंय."

सयाजी हसत सुटला. मग हळूच म्हणाला, "त्यात ते दसऱ्याचं चुकीचं छापलंय. मी त्यांना पत्र लिहितोय."

"नको लिहूस," नागोजीराव म्हणाले. "कोण वाचतंय? दसऱ्याला येतोस का, ते सांग. वनजा विचारते."

तो येतो म्हणाला. नागोजीरावांनी फोन ठेवला. वनजा दारात उभी होती. आपण कधी विचारलं, असा चेहरा करून बघत होती.

"बरं वाटलं का आता?" तिनं विचारलं.

"नाही," नागोजीराव म्हणाले. "उप्पिट आहे का अजून?"